माइक ब्लॉकर प्लग, अँटी-स्पाय ॲप आणि फोनमधलंच बटण: तीन महिने वापरून बघितलं त्याबद्दल

गेल्या दिवाळीत ताई माहेरी आलेली. वसुबारसेच्या आदल्या रात्री आई, ताई आणि मी अशा तिघीच स्वयंपाकघरात करंज्या करत बसलेलो, मी लाटत होते, ताई सारण भरत होती, आणि मुरड घालता घालता ती आईला एवढंच म्हणाली की मला आता परत जायचं नाहीये, भाऊबीज झाली की वकिलांकडे जाऊन येते. बास, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दाजींचा फोन आला आणि पहिलंच वाक्य, "काय, भाऊबीज झाली की वकील का?" ताई पांढरीफटक पडली. आधी तिला वाटलं आईने सांगितलं, मग वाटलं मी सांगितलं, दोन दिवस ती आमच्याशी धड बोलत नव्हती आणि आई आतल्या खोलीत जाऊन रडत होती. तिचा फोन त्या रात्री ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला होता हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्यानंतर तीन महिने मी फोनमधून कुणी चोरून ऐकत असेल तर ते थांबवायचं कसं, या एकाच गोष्टीच्या मागे होते. विकत मिळतं ते घेतलं, दुकानात नेलं, ॲप टाकलं, आणि शेवटी जे कामाला आलं ते फोनमध्येच होतं, फुकट. घाबरलेल्या माणसाचे पैसे भलतीकडे जाऊ नयेत म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय.

सगळ्यात आधी ऑनलाइन माइक ब्लॉकर मागवला, दोन नगांचे ३९९ रुपये. इअरफोनच्या ३.५ एमएमच्या भोकात घालायची बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी काळी पिन असते, तिला वायर नाही काही नाही. कल्पना अशी की पिन घातली की फोनला वाटतं माइकवाला इअरफोन लागलाय, मग फोन स्वतःचा माइक सोडून त्या पिनेकडून आवाज घ्यायला जातो आणि तिथे माइकच नसल्यामुळे शांतता. ऐकायला एकदम पटतं. मी ओट्यावर फोन ठेवला, पिन घातली, फोनमधला साधा रेकॉर्डर चालू केला, कुकरच्या दोन शिट्ट्या होऊ दिल्या आणि मग ऐकलं तर खरंच काही नाही, रेघ सरळ. मला इतकं बरं वाटलं की लगेच ताईला हाक मारली. पण मग डोक्यात आलं की हेरगिरीचं ॲप काय हा साधा रेकॉर्डर वापरणारे का, म्हणून दुसरा एक रेकॉर्डर टाकला ज्यात कुठला माइक वापरायचा ते निवडता येतं, त्यात फोनचाच माइक निवडला आणि पुन्हा तेच केलं. पिन तशीच आत. आणि रेकॉर्डिंगमध्ये कुकर, मागून आईचं "गॅस बारीक कर गं", खाली रिक्षाचा हॉर्न, सगळं स्वच्छ. अँड्रॉइडमध्ये ॲपला सांगता येतं की मला अमुकच माइक हवा, त्यामुळे ही पिन म्हणजे दाराला लावलेली नुसती पाटी आहे, कुलूप नाही. वर पिन घातलेली असताना कॉल स्पीकरवर टाकला की फोन आपलाच माइक वापरतो, आणि व्हिडिओचा, व्हॉइस मेसेजचा आवाजही त्या पिनेत जातो म्हणून ताई दिवसातून दहादा ती काढायची आणि परत घालायला विसरायची. आणि माझ्या फोनला ते भोकच नाहीये, आता बऱ्याच फोनला नसतं. पाचपैकी एक स्टार, तोही फक्त साध्या रेकॉर्डरला फसवते म्हणून.

काही लोक सिग्नल अडवणारा पाऊच घ्या म्हणतात. तो मी घेतला नाही कारण विचार केला तर कळतं की पाऊचने नेटवर्क बंद होतं, माइक नाही. ॲप आत बसून रेकॉर्ड करून ठेवू शकतं आणि फोन बाहेर काढून नेट मिळालं की पाठवू शकतं. माइकच्या भोकावर चिकटपट्टीही लावून बघितली, पण फोनला खाली एक आणि वर एक असे निदान दोन माइक असतात, दोन्हीवर पट्टी लावली तरी आवाज फक्त घुसमटल्यासारखा येतो, शब्द कळतात. त्यापेक्षा आईने जे केलं ते चांगलं होतं, महत्त्वाचं बोलायचं असलं की ती ताईचा फोन हॉलमध्ये टीव्हीजवळ ठेवायची, टीव्ही मोठ्याने लावायची आणि आम्ही गच्चीवर जायचो.

मग दुकान. आमच्या इथलं एक मोबाइल रिपेअरिंगचं दुकान, नाव लिहीत नाही. त्या मुलाने पाचशे रुपये घेतले, लॉकचा पॅटर्न विचारला, आणि तो नऊ ठिपक्यांचा पॅटर्न पेनाने एका चिठ्ठीवर काढून चिठ्ठी सेलोटेपने फोनच्या पाठीला चिकटवली. ताईचा फोन, तिचा पॅटर्न, आणि तो काउंटरवर इतर पाचसहा फोनच्या ढिगात, प्रत्येकाच्या पाठीवर तशीच चिठ्ठी. मी म्हटलं, "दादा, हे असं उघडं ठेवू नका, याच्यासाठीच तर आलोय आम्ही." तो म्हणाला, "मॅडम काही होत नाही, सगळे असंच देतात." तासाभराने फोन परत दिला, म्हणाला सत्तेचाळीस व्हायरस होते, काढले. त्याने केलेलं एवढंच की एक क्लीनर ॲप टाकून कॅशे साफ केली होती, ते ॲपही तसंच फोनमध्ये सोडलेलं आणि वर जाहिराती चालू. जे काढायला पाहिजे होतं ते जिथल्या तिथे होतं, त्याच संध्याकाळी दाजींना परत आमच्या घरातलं बोलणं माहीत. शून्य स्टार. तुमचा फोन कुठेही द्यायची वेळ आली तर समोर बसून काम करून घ्या, आणि नंतर पॅटर्न लगेच बदला.

तिसरं म्हणजे अँटी-स्पाय ॲप, वर्षाचे ८९९ रुपये, याचंही नाव घेत नाही. उघडल्यावर त्याने पहिली परवानगी कसली मागितली तर माइकची! त्यांचं म्हणणं असं की आमचं ॲप माइक धरून ठेवतं म्हणजे दुसऱ्या कुणाला मिळत नाही. पूर्वी हे थोडंफार चालायचं. पण अँड्रॉइड १० पासून दोन साध्या ॲपने एकाच वेळी माइक मागितला तर साधारणपणे नंतर मागणाऱ्याला, समोर उघडं असणाऱ्याला तो मिळतो आणि आधीच्याला शांतता ऐकू येते. मी तीच कुकरची टेस्ट केली. ॲपमध्ये प्रोटेक्शन चालू असं हिरवं दाखवतंय आणि रेकॉर्डरमध्ये शिट्ट्या ऐकू येतायत. पण मला याचा खरा राग वेगळ्याच गोष्टीसाठी आला. अँड्रॉइड १२ पासून कुठलंही ॲप माइक वापरत असेल तर स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो, त्या क्षणी तेवढी एकच खूण आपल्यासारख्या माणसाला डोळ्याने दिसते, आणि हे ॲप सतत माइक धरून बसत असल्यामुळे तो ठिपका दिवसभर पेटलेला. म्हणजे चोर आला तरी कळणार नाही कारण घंटी वाजतच आहे. बॅटरीही दुपारपर्यंत संपायची. आणि आत असलेलं ते ॲप यालाही सापडलं नाही ते नाहीच. याला एकसुद्धा स्टार द्यायची इच्छा नाही.

आता जे चाललं ते. इथे जरा सविस्तर लिहिते, हेच वाचा बाकीचं नाही वाचलं तरी चालेल.

ताईचा फोन अँड्रॉइड १३ वर आहे. सेटिंग, मग सिक्युरिटी आणि प्रायव्हसी, त्यात प्रायव्हसी डॅशबोर्ड, कंपनीप्रमाणे नाव थोडं इकडेतिकडे असेल, सापडलं नाही तर सेटिंगच्या सर्चमध्ये टाका. तिथे माइकवर टॅप केलं की कुठल्या ॲपने किती वाजता माइक वापरला ते वेळेनुसार दिसतं, अँड्रॉइड १२ मध्ये मागच्या चोवीस तासांचं, १३ पासून सात दिवसांचंही बघता येतं. आम्ही दोघी रात्री गादीवर बसून ते उघडलं. व्हॉट्सॲप, फोन, परत व्हॉट्सॲप, आणि मध्येच करड्या चाकाच्या चित्राचं एक "सिस्टीम सर्व्हिस". रात्री ९:१२. रात्री ९:४०. रात्री १०:२५. ताई बोटाने खाली सरकवत गेली आणि प्रत्येक वेळेला ती आठवून सांगायला लागली, तेव्हा आपण जेवत होतो, तेव्हा मी आईचे पाय चेपत होते, तेव्हा तू मला जॉबचं विचारत होतीस. मग तिने फोन उलटा ठेवला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. पाहिजे असेल तर कुणी या डॅशबोर्डला कंटाळवाणं म्हणो, आमच्या घरात आई आणि ताईमधला संशय त्या एका स्क्रीनने मिटवला.

फोनचं खरं सिस्टीमचं काम असल्या नावाने असं रात्रीबेरात्री माइक वापरत नाही, नाव मुद्दाम असं ठेवतात की आपण हात लावायला घाबरावं. मग बाकीच्या जागा बघितल्या. ॲक्सेसिबिलिटी म्हणजे स्क्रीन वाचायची आणि बटणं दाबायची परवानगी, तिच्यात डाउनलोड केलेल्या ॲपची यादी असते, तिथे ते चालू. डिव्हाइस ॲडमिनच्या यादीत चालू, म्हणून अनइन्स्टॉलचं बटण दाबता येत नव्हतं. नोटिफिकेशन वाचायची परवानगी चालू. बॅटरीत अनरिस्ट्रिक्टेड, म्हणजे मागे कितीही वेळ चालू राहायची मुभा. आणि प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे धोकादायक ॲप शोधणारी गूगलची सोय, कुणीतरी बंद करून ठेवलेलं. ते चालू करून स्कॅन केल्यावर दोन मिनिटात लाल अक्षरात धोकादायक ॲप म्हणून हेच नाव आलं. फुकटचं, आधीपासून फोनमध्ये असलेलं, आणि आम्ही ८९९ रुपये भलत्याला दिले.

हे असलं ॲप सहसा हवेतून येत नाही. कुणाला तरी पाचदहा मिनिटं फोन हातात, लॉक उघडून, मिळावा लागतो, मग तो ब्राउझरमधून एपीके, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायची ॲपची फाइल, उतरवतो, प्ले प्रोटेक्ट बंद करतो आणि सगळ्या परवानग्या देऊन टाकतो. दाजींना ताईचा पॅटर्न पहिल्यापासून माहीत होता, लग्नानंतर त्यांनीच मागून घेतलेला, आणि तिने विश्वासाने दिला त्यात तिची काहीच चूक नाही हे मी तिला शंभरदा सांगितलंय.

सापडल्यावर लगेच काढू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. ॲप काढलं की समोरच्याला ते बंद पडलेलं कळतं, आणि तो माणूस हात उचलणारा असेल तर बाईच्या जिवाला धोका असतो. ताई माहेरी होती म्हणून आम्हाला घाई नव्हती. आम्ही माझ्या फोनने प्रत्येक स्क्रीनचे फोटो काढले, ॲपची माहिती, परवानग्या, डॅशबोर्डच्या वेळा, तारखेसकट, आणि मग वकीलबाईंकडे गेलो, ताईचा फोन घरी ठेवून. त्यांनी सांगितलं की एखादी बाई इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून काय बोलते करते यावर पुरुषाने पाळत ठेवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये स्टॉकिंगमध्ये येतं, आधी ते आयपीसी ३५४ ड होतं. मी विचारलं की मग १४ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने नवरा-बायकोच्या केसमध्ये चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणं पुरावा म्हणून चालू शकतं असं म्हटलं त्याचं काय, तर त्या म्हणाल्या पुरावा म्हणून कोर्टाने ऐकणं ही एक गोष्ट आणि दुसऱ्याच्या फोनमध्ये गुपचूप ॲप टाकणं ही वेगळी, दुसरीची तक्रार करता येते. तक्रार cybercrime च्या सरकारी पोर्टलवर करता येते किंवा सरळ सायबर पोलीस ठाण्यात. बायकांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

तक्रार दिल्यावर मग फोन फॅक्टरी रीसेट केला, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा कोरा केला. ॲडमिन काढून ॲप अनइन्स्टॉल करता येतं, पण अजून काय काय असेल याची खात्री नको का? रीसेटनंतर जुन्या फोनमधून सगळं कॉपी करून देणाऱ्या ज्या सोयी असतात त्या वापरू नका, त्यात बाहेरून टाकलेलं एपीकेसुद्धा परत येऊ शकतं. आम्ही फोन नवा असल्यासारखा सेट केला, नंबर गूगलवरून आले, फोटो आधी कॉम्प्युटरवर काढून ठेवलेले, बाकी ॲप एकेक करून प्ले स्टोअरमधून. गूगल अकाउंटचा पासवर्ड माझ्या फोनवरून बदलला, आणि अकाउंटमध्ये कुठकुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे ते बघितलं तर दाजींचा जुना फोन तिथे होताच. व्हॉट्सॲपचे लिंक्ड डिव्हाइस, म्हणजे तेच व्हॉट्सॲप अजून कुठे उघडलंय ते, बघितलं, तिथे एक विंडोज कॉम्प्युटर. दोन्ही काढले. नुसता माइक माइक करून हे राहून गेलं असतं तर अर्धं काम झालं असतं.

आणि आता ते बटण. अँड्रॉइड १२ पासून वरून पडदा खाली ओढला की जिथे वायफाय, टॉर्च असतात तिथे माइक ॲक्सेस नावाची टाइल ठेवता येते, दिसत नसेल तर पेन्सिलवर टॅप करून यादीतून वर ओढायची. ती बंद केली की फोनमधल्या कुठल्याच ॲपला माइक मिळत नाही, ॲपला मात्र वाटतं आपण रेकॉर्ड करतोय, फक्त मिळते ती शांतता. कुकरची टेस्ट केली. पहिल्या रेकॉर्डरमध्ये काही नाही. माइक निवडता येणाऱ्या दुसऱ्या रेकॉर्डरमध्येही काही नाही, टायमर पुढे चाललाय आणि रेघ सरळ. ब्लॉकर पिन जिथे हरली तिथे हे टिकलं कारण इथे ॲपला विचारतच नाहीत, खालून सिस्टीमच आवाज देत नाही.

तोटे आहेत. टाइल बंद असताना आईचा फोन आला, ताई बोलतेय आणि आईला काही ऐकू येईना, तेव्हा वर माइक चालू करा असं आलेलं तिने बघितलंच नव्हतं. इमर्जन्सी नंबर लावला तर सिस्टीम माइक आपोआप चालू करते असं गूगलच्या माहितीत लिहिलंय, ते मी करून बघितलं नाही, ११२ ला उगाच फोन लावणं बरोबर नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे ज्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी दिलेली असते ते स्क्रीनवरची बटणं आपणहून दाबू शकतं, त्यामुळे ती यादी आधी साफ पाहिजे, नाहीतर या टाइलवर मी विसंबणार नाही. साडेचार स्टार.

दादाचा आयफोन आहे, त्यात असं सगळ्यांसाठी एक बटण नाही. माइक चालू असला की केशरी ठिपका येतो, हे २०२० च्या आयओएस १४ पासून आहे, ॲपवार माइकची परवानगी काढता येते, ॲप प्रायव्हसी रिपोर्ट चालू केला तर कुणी कधी वापरला ते दिसतं. आणि आयओएस १६ पासून सेफ्टी चेक आहे, त्यात कुणाकुणाला तुमची माहिती दिसतेय ते एका जागी बघून तोडता येतं. हे अँड्रॉइडमध्येही असंच एका जागी असायला हवं होतं, ताईसारखीला पाच ठिकाणी शोधावं लागलं नसतं.

लोक लगेच पेगाससचं विचारतात, म्हणजे इस्रायली कंपनी एनएसओच्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं. ती वेगळी जात आहे. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने सांगितलं की सुमारे १,४०० फोनना कॉलिंगमधल्या एका त्रुटीतून त्याने लक्ष्य केलं होतं, कॉल उचलावाही लागत नव्हता, आणि ज्यांना व्हॉट्सॲपने तसं कळवलं त्यात आपल्या नागपूरचे वकीलही होते. पेगाससच्या चौकशीसाठी नेमलेल्या सुप्रीम कोर्टाच्या समितीने २९ फोन तपासले, ५ मध्ये मालवेअर मिळालं, पण ते पेगाससच होतं असं ठामपणे म्हणता आलं नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टात सांगितलं गेलं. असलं काही सिस्टीमच्याच मुळाशी बसलं तर ठिपका आणि टाइल यांची खात्री मी देणार नाही. तुम्ही पत्रकार, वकील, कार्यकर्ते असाल तर फोन जास्त कडक बंदोबस्तात ठेवणारा आयफोनचा लॉकडाउन मोड चालू करा, अँड्रॉइड १६ मध्ये तशाच कामाचं ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन आलंय ते करा, अपडेट एक दिवसही पुढे ढकलू नका, आणि कुणी जाणकार असेल तर ॲम्नेस्टीच्या सिक्युरिटी लॅबचं एमव्हीटी हे फुकट साधन आहे त्याने फोन तपासून घ्या. बाकी घरातल्या माणसाकडून होणाऱ्या त्रासाला वर लिहिलेलं पुरतं.

ताईने आता पॅटर्न काढून सहा आकडी पिन ठेवलाय, तो मलाही माहीत नाही, मी मुद्दाम विचारला नाही. रात्री झोपताना ती पडदा ओढून माइकची टाइल बंद करते, सकाळी चहा झाल्यावर चालू करते.

आता आईच्या फोनचं बघतेय. तो अँड्रॉइड ११ वर अडकलाय, पुढचा अपडेट येत नाही, त्यात ना डॅशबोर्ड ना माइकची टाइल. पण सेटिंगमधले डेव्हलपर ऑप्शन्स, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीचा एरवी लपवलेला भाग, उघडले की क्विक सेटिंग्ज डेव्हलपर टाइल्समध्ये सेन्सर्स ऑफ म्हणून एक आहे, अँड्रॉइड १० पासूनची, तिने कॅमेरा, माइक आणि बाकी सेन्सर एकदम बंद होतात. काही कंपन्या ती काढून टाकतात, आईच्या फोनमध्ये आहे. काल टाकून दिली, आज संध्याकाळी कुकर लावला की तपासते.